नायक दहा वर्षांचाच का?

समजा, परग्रहावरचं एक यान रानात उतरलं आणि घाईत परत जाताना आपल्यातल्याच एकाला मागे विसरून गेलं. त्याची गाठ सगळ्यात आधी कोणाशी पडायला हवी? शास्त्रज्ञांशी पडली तर बरं, लष्कराशी पडली तर कठीण. चित्रपटवाले मात्र दोघांनाही बाजूला सारतात आणि त्या जीवाला दहा वर्षांच्या एका मुलाच्या पदरात टाकतात, ज्याचं घरात कोणी धड ऐकूनही घेत नाही. जादूच्या राज्याचंही तेच. मोठी माणसं वर्षानुवर्षं त्या कपाटात कोट टांगत असतात. कपाटापलीकडचं बर्फाळ जंगल सापडतं ते लपाछपी खेळणाऱ्या धाकट्या मुलीला.

‘त्यात काय, ते लहान मुलांचेच चित्रपट असतात,’ हे उत्तर पटकन सुचतं, पण पुरत नाही. गिलेर्मो देल तोरोच्या ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ची (२००६) नायिका लहान मुलगी आहे, आणि तो चित्रपट तिच्याच वयाच्या मुलांना दाखवायला कोणी धजणार नाही. म्हणजे समोरच्या खुर्चीत मूल बसलंय म्हणून पडद्यावर मूल आहे, असं नाही. सायन्स फिक्शन आणि फँटसी या प्रकारांच्या काही जन्मजात अडचणी आहेत. मुलाला नायक केलं की त्यातल्या बऱ्याच सुटतात.

माहिती कोणी कोणाला सांगायची?

पहिली अडचण माहितीची. कौटुंबिक चित्रपटात प्रेक्षकाला फारसं शिकवावं लागत नाही. घर, नोकरी, भांडण, लग्न सगळ्यांच्या ओळखीचं असतं. अद्भुत जगात मात्र पहिल्या अर्ध्या तासात एक अख्खी व्यवस्था समजावून द्यावी लागते: इथे काय शक्य आहे, काय नाही, कोणाला घाबरायचं, कुठली चूक महागात पडते. हे दोन मोठ्या माणसांच्या तोंडून वदवायला गेलं की ‘तुला तर माहीतच आहे, की…’ अशी वाक्यं येतात. माहीतच आहे तर सांगतोस कशाला, असं प्रेक्षकाला वाटतं आणि ते जग तिथेच पुठ्ठ्याचं होतं.

मुलाला मात्र माहीत नसण्याची मुभा असते. हॅरी पॉटरची रचना या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. तो जन्मानं जादूगार, पण अकरा वर्षांचा होईपर्यंत जादूचं नावही न काढणाऱ्या मावशीच्या घरी वाढलेला. त्यामुळे जादूच्या जगातली प्रत्येक गोष्ट त्याला आपल्याइतकीच नवी. त्याचा मित्र रॉन जादूगारांच्याच घरातला आहे. चॉकलेटचा बेडूक डब्यातून उडी मारतो याचं रॉनला काहीच वाटत नाही, आणि म्हणूनच तो या गोष्टीचा नायक होऊ शकत नाही. हर्मायनी तिसरी: तीही बाहेरूनच आलेली, पण येतानाच सगळी पुस्तकं वाचून आलेली. एकाला माहीत नाही, दुसऱ्याला सवयीनं माहीत, तिसरीला वाचून माहीत. तिघांना एका डब्यात बसवलं की लेखकाला वेगळं काही समजावत बसावं लागत नाही.

हायाओ मियाझाकीनं ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) याच्याही पुढची खेळी केली आहे, आणि माझ्या मते ती जास्त सरस आहे. दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर एका बोगद्यातून आत्म्यांच्या जगात पोचते. तिथे तिला कोणी नियम समजावून सांगत नाही. नियम तिच्यावर कामासारखे येऊन आदळतात. इथलं काहीतरी खा, नाहीतर विरून जाशील. नोकरी माग, कितीही हाकललं तरी माग. मालकीणबाई नोकरी देते आणि बदल्यात तिचं नावच काढून घेते. प्रेक्षकाला हे जग कळतं ते चिहिरोला फरशी पुसावी लागते, पाय घसरतो, ओरडा बसतो यातून. अर्ध्या गोष्टींचं स्पष्टीकरण शेवटपर्यंत मिळत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

इथे सायन्स फिक्शन आणि फँटसी यांच्यातल्या फरकाबद्दल थोडं बोलायला हवं. डार्को सुविन या अभ्यासकानं १९७०च्या दशकात एक व्याख्या मांडली, ती आजही वापरली जाते. विज्ञानकथेत आपल्या जगात नसलेली एखादी नवी गोष्ट असते, पण ती तर्काच्या वाटेनं पटवून दिलेली असते. फँटसीवर तसं बंधन नाही. व्याख्या छान आहे, पण बालनायक आला की तिची कड पुसट होते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’मध्ये (१९८२) तो परग्रहवासी घरी संदेश पाठवण्यासाठी यंत्र बनवतो, आणि त्यासाठी लागलेल्या वस्तू आपल्याला दाखवल्या जातात: स्पेलिंग शिकवणारं खेळणं, छत्री, रेकॉर्ड प्लेअर, करवतीचं गोल पातं. ही झाली विज्ञानकथेची रीत. मग त्याच चित्रपटात सायकली आकाशात उडतात आणि त्याचं कसलंही कारण कोणी देत नाही. चित्रपटाला याची पूर्ण जाणीव आहे. एक मुलगा विचारतो की हा सरळ किरणांवाटे आपल्या यानात का नाही जात. त्यावर नायक एलियट वैतागून सांगतो की हे खरं आयुष्य आहे. हातात परग्रहवासी घेऊन फिरणाऱ्या मुलाच्या तोंडी हे वाक्य! हसता हसता आपण विज्ञान मागायचं विसरून जातो.

आत जाणं आणि बाहेरून येणं

फॅरा मेंडलसन या अभ्यासिकेनं २००८ साली फँटसीचे प्रकार पाडले, ते अद्भुत आणि माणूस एकमेकांना कसे भेटतात यावरून. तिचे चार आहेत, बालनायकांच्या चित्रपटांपुरते दोन पुरे. एकात मूल दारातून, कपाटातून, बोगद्यातून किंवा वादळातून दुसऱ्या जगात जातं. दुसऱ्यात ते दुसरं जग पाहुणा बनून आपल्या घरी येतं.

पाहुण्याच्या गोष्टीत खरा संघर्ष पाहुण्याशी नसतोच. तो असतो पाहुण्याकडे पाहण्याच्या दोन नजरांमध्ये. ब्रॅड बर्डच्या ‘द आयर्न जायंट’मध्ये (१९९९) हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. काळ १९५७चा, सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह नुकताच डोक्यावरून फिरू लागलेला, अमेरिका धास्तावलेली. आकाशातून पडलेला अजस्र लोखंडी यंत्रमानव सरकारी माणसाला शत्रूचं हत्यार वाटतो. होगार्थ नावाच्या मुलाला तो लपवून ठेवण्याजोगा मित्र वाटतो. गंमत अशी की सरकारी माणूस चुकीचा नाही; तो यंत्रमानव खरोखरच हत्यार आहे. चित्रपट विचारतो ते इतकंच, की हत्यार म्हणून घडवलेल्यानं हत्यारच राहायला हवं का. आणि हा प्रश्न विचारायला मूल लागतं, कारण शीतयुद्धात कुठलीही बाजू न घेतलेली तेवढीच एक व्यक्ती त्या गावात आहे.

याच प्रकारातला एक चित्रपट कधी झालाच नाही, त्याची हळहळ वाटते. १९६७ साली सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्यात, कमळांच्या तळ्यात यान उतरतं आणि त्यातल्या छोट्या जीवाची हाबा नावाच्या गरीब मुलाशी मैत्री होते. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीपर्यंत गोष्ट पोचली, पीटर सेलर्स या ब्रिटिश नटाचं नाव एका भूमिकेसाठी पुढे आलं, आणि मग सगळं बारगळलं. ‘ई.टी.’ आल्यावर राय यांनी म्हटलं की आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर तो चित्रपट झाला नसता. स्पीलबर्गनं ते नाकारलं. वाद कोणाच्याही बाजूनं सोडवा, पण परग्रहवासीयाला मुलाच्या ओंजळीत ठेवण्याची कल्पना दोन टोकांच्या दोन दिग्दर्शकांना भावली, हे काही योगायोगाचं वाटत नाही.

दोन्ही प्रकारांत आईवडिलांना वाटेतून दूर करावं लागतं. काळजी घेणारे पालक घरात असतील तर मूल रात्री रानात जाणार कसं? मग एलियटचे वडील दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला गेलेले असतात. चिहिरोच्या आईवडिलांची डुकरं होतात. कपाटातून नार्निया या जादूच्या राज्यात जाणारी चार भावंडं महायुद्धातल्या बॉम्बफेकीमुळे लंडनबाहेर पाठवलेली असतात, तर ‘माय नेबर तोतोरो’मधल्या (१९८८) दोन बहिणींची आई रुग्णालयात असते. यात पटकथाकाराची सोय आहेच. पण चांगला चित्रपट त्या सोयीचं देणं फेडतो: जी पोकळी गोष्ट सुरू करण्यासाठी पाडली, तीच गोष्टीचा विषय होते. ‘ई.टी.’ हा परग्रहवासीयाइतकाच वडील सोडून गेलेल्या घराचा चित्रपट आहे. जिथे पालकांना नुसतं सहलीला पाठवून दिलेलं असतं, तिथे साहस संपल्यावर हाती काही उरत नाही.

कॅमेऱ्याची उंची

आता पडद्यामागे. मुलाच्या नजरेतून दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘ई.टी.’मध्ये त्याचं सगळ्यात सोपं उत्तर आहे: कॅमेरा खाली घ्यायचा. बराचसा चित्रपट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपला आहे. आईचा अपवाद सोडला तर मोठ्या माणसांचे चेहरे कितीतरी वेळ दिसतच नाहीत. दिसतात पाय, टॉर्चचे झोत आणि एका माणसाच्या कमरेला खुळखुळणाऱ्या किल्ल्या. त्या माणसाचा चेहरा दिसतो तो पुष्कळ उशिरा, जेव्हा तो पहिल्यांदा एलियटशी बरोबरीनं बोलतो. तोवर तो आपल्यासाठी नुसता आवाज असतो.

दुसरी युक्ती वेळापत्रकातली. चित्रपट सहसा तुकड्यातुकड्यानं चित्रित होतो. एका जागेवरची सगळी दृश्यं एकदम उरकतात, मग त्यात शेवटचं दृश्य पहिल्या आठवड्यात आलं तरी चालतं. खर्च त्यामुळे वाचतो. स्पीलबर्गनं ‘ई.टी.’ बराचसा गोष्टीच्या क्रमानं चित्रित केला, म्हणजे निरोपाच्या दृश्यापर्यंत पोचताना मुलांनी परग्रहवासीयाच्या त्या बाहुल्याबरोबर खरोखरच बरेच दिवस घालवलेले होते. धाकट्या बहिणीचं काम करणारी ड्रू बॅरिमोर तेव्हा सहा वर्षांची होती आणि त्याला खराच समजून त्याच्याशी गप्पा मारायची. मोठ्या नटाकडे आठवणीतून रडू आणण्याचं तंत्र असतं. सहा वर्षांच्या मुलीकडे ते कुठून असणार? तेव्हा आठवणच तयार करून द्यायची.

तिसरी युक्ती लपवण्याची. नार्नियाच्या पहिल्या चित्रपटात, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये (२००५), धाकट्या ल्यूसीचं काम करणाऱ्या जॉर्जी हेन्लीला बर्फाच्या जंगलाचा सेट आधी दाखवलाच नाही. कॅमेरा सुरू करून डोळे झाकलेल्या अवस्थेत तिला आत आणलं. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर उमटतं ते नवल अभिनयाचं नाही.

संगणकानं या सगळ्यावर एक नवाच पेच टाकला. पाहायला समोर काही नसेल तर मूल नवल करणार कशाचं? जॉन फॅव्रोच्या ‘द जंगल बुक’चं (२०१६) चित्रीकरण लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत निळ्या पडद्यांपुढे झालं; जंगल नंतर आलं, प्राणीही नंतर. मोगली झालेला नील सेठी पडद्यावर जवळजवळ एकटाच खरा माणूस. त्याला नजर लावायला काहीतरी जिवंत असावं म्हणून जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेतले बाहुलीकार प्राण्यांच्या जागी उभे केले गेले. म्हणजे संगणकाच्या युगातही शेवटी बाहुलीकडेच वळावं लागलं.

आणि संगणक नव्हता तेव्हा? १९८४चा मल्याळम चित्रपट ‘माय डियर कुट्टिचात्तन’, भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट. दिग्दर्शक जिजो पुन्नूस. हिंदीत तो ‘छोटा चेतन’ नावानं आला. मांत्रिकाच्या ताब्यातल्या एका छोट्या पिशाच्चाला मुलं सोडवतात, आणि एका गाण्यात ती सगळी खोलीच्या भिंतीवर चढून, छतावर चालून, दुसऱ्या भिंतीवरून खाली उतरतात. दोर नाहीत, कापाकाप नाही. युक्ती अशी की अख्खी खोलीच एका चौकटीत बसवलेली आणि आसाभोवती फिरणारी. कॅमेराही खोलीलाच जखडलेला, म्हणून खोलीबरोबर तोही फिरतो आणि त्याच्या लेखी खोली हललेलीच नसते. मुलं बिचारी जी बाजू तळाला येईल तिच्यावर चालत राहतात. आपल्याला मात्र ती भिंतीवर गेलेली दिसतात. हॉलिवूडमध्ये फ्रेड अस्टेअर १९५१ साली याच पद्धतीनं छतावर नाचला होता. पण एकट्या कसलेल्या नर्तकाला फिरत्या खोलीत सांभाळणं वेगळं आणि मुलांच्या घोळक्याला सांभाळणं वेगळं.

खरंच घडलं का?

मुलानं अद्भुत पाहिलं की एक संशय आपोआप येतो: हे त्याच्या मनाचे खेळ तर नसतील? त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं १९७०च्या आपल्या पुस्तकात या संशयालाच केंद्रस्थानी ठेवलं. त्याच्या मते खरं अद्भुत टिकतं ते वाचक ‘हे खरं की भास?’ या हिंदोळ्यावर असेपर्यंत. भास होता असं ठरलं की ती विचित्र पण नैसर्गिक घटना होते. खरं होतं असं ठरलं की सरळ चमत्कारकथा. दोन्हीकडे तो हिंदोळा थांबतो.

बालनायकांचे चित्रपट या कसोटीवर लावून पाहण्यात मजा आहे. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये (१९३९) डोरोथीचं कॅन्ससमधलं घर मातकट तपकिरी रंगात आहे आणि ऑझ झगझगीत टेक्निकलरमध्ये. शेवटी ती आपल्या पलंगावर जागी होते आणि शेतावरच्या गड्यांचे चेहरे तिला ऑझमधल्या सोबत्यांसारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे नट तेच आहेत. म्हणजे स्वप्न. पण १९००च्या मूळ पुस्तकात ऑझ खरंखुरं आहे. मोठ्यांना पटेल असा खुलासा स्टुडिओनं मागाहून जोडला, आणि हा खुलासा मला आजही थोडा कोता वाटतो. इतकं सगळं सोसून आलेल्या मुलीला ‘तुझ्या डोक्याला मार लागला होता’ असं सांगणं बरं नव्हे.

विशाल भारद्वाजचा ‘मकडी’ (२००२) उलट्या वाटेनं जातो. वाड्यातली चेटकीण माणसांची जनावरं करते असं गाव मानतं, आपणही मानतो. शेवटी कळतं की ती ढोंगी बाई गुप्तधनाच्या मागे आहे. हिंदोळा थांबतो, पण इथे ते खटकत नाही, कारण नायिका असलेल्या मुलीचं शौर्य खोटं ठरत नाही. घाबरलेलं गाव तेवढं खोटं ठरतं.

‘पॅन्स लॅबिरिन्थ’ हिंदोळा थांबवतच नाही. १९४४चा स्पेन, यादवी युद्ध संपून हुकूमशहा फ्रँकोची राजवट बसलेली. ओफेलियाचा सावत्र बाप क्रूर लष्करी अधिकारी. तिला एक फॉन, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा जीव, भेटतो आणि तीन कामं सांगतो. एका क्षणी ती फॉनशी बोलत असताना तो अधिकारी येऊन पाहतो, आणि त्याला तिच्यासमोर कोणीच दिसत नाही. झालं, भासच होता! पण त्याआधी ती कुलूपबंद खोलीतून बाहेर पडलेली असते, आणि ती भिंतीवर खडूनं काढलेल्या दारातूनच पडू शकते. देल तोरोनं स्वतःचा कौल लपवलेला नाही; त्याच्या लेखी ते सगळं खरं आहे. चित्रपट मात्र दोन्ही वाटा उघड्या ठेवतो.

आणि ‘तोतोरो’? तिथे बहिणींनी रात्री तोतोरोबरोबर नाचून आकाशाएवढं झाड उगवलेलं असतं. सकाळी झाड नाही, पण पेरलेल्या बियांना कोंब फुटलेले. दोघी ओरडतात की स्वप्न होतं, पण स्वप्न नव्हतं. तोदोरोव्हला जे सांगायला पुस्तक लागलं, ते या पोरी उड्या मारत सांगून टाकतात.

मूलच अद्भुत असेल तर

एक वेगळी शाखाही आहे, जिथे मूल आपला वाटाड्या नसतं; तेच कोडं असतं. ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’मध्ये (१९६०) एका इंग्रज खेड्यात एकाच वेळी जन्मलेली सोनेरी केसांची, शांत, हुशार मुलं मोठ्यांच्या मनावर ताबा मिळवतात. मुलं आपल्याहून निराळी असतात, त्यांच्या मनातलं आपल्याला कळत नाही, आणि उद्याचं जग त्यांचं आहे, ही रोजचीच गोष्ट तिथे भीती होऊन समोर येते.

‘ए.आय.’मध्ये (२००१) तीच गोष्ट करुण होते. डेव्हिड हा आईवर प्रेम करायला बनवलेला यंत्र-मुलगा. ते काम करणाऱ्या हेली जोएल ऑस्मेंटनं भूमिकेसाठी पापणी न लववण्याचं ठरवलं. एवढ्याशा गोष्टीनं त्याचा गोड चेहरा परका होऊन जातो. हा प्रकल्प मुळात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा. त्यानं तो वर्षानुवर्षं बाळगला आणि बालकलाकाराऐवजी खराच यंत्र-मुलगा बनवता येईल का, हेही तपासून पाहिलं. कुब्रिकचं चित्रीकरण फार लांबायचं, आणि तेवढ्या काळात खरं मूल वाढून जाणार, ही धास्ती त्यामागे होती.

ही धास्ती प्रत्येक मालिकेला असते. हॅरी पॉटरचं चित्रीकरण २००० साली सुरू झालं तेव्हा डॅनियल रॅडक्लिफ अकरा वर्षांचा होता. आठवा आणि शेवटचा चित्रपट आला २०११ साली. तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोननं तिन्ही मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला. एमा वॉटसननं पानंच्या पानं लिहिली, रॅडक्लिफनं एक पान, आणि रूपर्ट ग्रिंटनं काहीच दिलं नाही. तिघंही अगदी आपापल्या पात्रासारखे वागले, आणि ‘मूल’ म्हणून दिग्दर्शकानं सांगितलं ते करण्याचे त्यांचे दिवस तिथे संपले, असं म्हणायला हरकत नाही.

नार्नियानं हा प्रश्न कथेतच सोडवून ठेवला होता. वय वाढलं की त्या जगात प्रवेश बंद. दुसऱ्या चित्रपटाच्या (२००८) शेवटी थोरल्या दोघांना सांगितलं जातं की आता तुम्ही परत येणार नाही, तिसऱ्याच्या (२०१०) शेवटी धाकट्या दोघांना. त्यानंतर ती चित्रपटमालिकाही थांबली.